काळ्या पाषाणातील वीरमंडळ

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच, भरतीची वेळ साधली तर, तासाभरात ज्या बंदराला लागते आणि ओहोटीच्या वेळी ज्याच्या तोंडाशी साचलेला गाळ तिला आत येऊ देत नाही, ते मोरा बंदर आज उतारूंच्या लेखी उरणला पोहोचण्याची एक पायरी एवढेच उरले आहे. सरकारी दप्तरात उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता. १८८३ पर्यंत त्याचा कारभार ठाणे जिल्ह्यात आणि त्यानंतर कुलाबा जिल्ह्यात चाले. त्याआधी पोर्तुगीजांनी येथे दोन शतके अंमल गाजवला, मराठ्यांनी तो मोडला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर उरणचे हे करंजा बेटही इंग्रजांच्या पदरात कायमचे पडले. पुढे मिठागरांचे मीठ आणि मोहाची दारू यांच्यावरील जकात व आबकारी यांनी या किनाऱ्याला सरकारच्या हिशेबात स्थान दिले. परंतु मीठ, दारू आणि राजवटींचे फेरफार यांखाली या प्रदेशाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो वहीत नसून दगडात आहे. तो वीरांचा इतिहास होय, आणि एकट्या वीरापेक्षा वीरांच्या जथ्याचा अधिक.

हा विषय सुचण्याचे निमित्त, सांगावयास काहीसा संकोच वाटला तरी, अमेरिकन चित्रकथांचे आहे. हल्लीच्या मुलांना अचाट सामर्थ्याच्या वीरांची जी मंडळे तोंडपाठ असतात, त्यांतील पहिले मंडळ १९४० मध्ये ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ या नावाने छापील पानावर अवतरले. न्याय हा शब्द त्याच्या नावातच होता. १९६३ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आले. आमच्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ आणि मॅन्ड्रेक यांना घराघरांत पोहोचविले आणि मराठी मुलांनी ते मराठीतून वाचले. या कथांचे प्रश्न फिरून फिरून तेच: कायद्याच्या कक्षेबाहेर उभा राहून जो न्याय करतो त्याचा न्याय कोणी करावा, कालचा दुष्ट आज आपल्या बाजूला आला तर त्याचे पूर्वकर्म कोणत्या खात्यावर मांडावे, आणि जे घडू नये ते घडून गेले असता काळाच्या प्रवाहात उलटे पोहत जाऊन ते पुसता येईल काय. २०१९ मधील एका प्रचंड गाजलेल्या चित्रपटात अ‍ॅव्हेंजर्सचे सारे मंडळ भूतकाळात जाऊन अर्ध्या सृष्टीला परत आणते. मात्र त्यासाठी प्राण देणारी त्यांच्यातीलच एक वीरांगना परत येत नाही, ती नाहीच. एवढी कोटीच्या कोटी उड्डाणे करूनही एका मरणाशी कथाकाराला थांबावे लागले, हे मला त्या चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते.

हे प्रश्न आपल्या मुलखाला नवीन आहेत असे समजण्याचे कारण नाही. मोऱ्याच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या द्रोणागिरीविषयी लोकश्रद्धा अशी की लक्ष्मणासाठी औषधीचा पर्वत घेऊन हनुमंत निघाला असता त्याचा एक तुकडा येथे गळून पडला. सूर्योदयापूर्वी औषधी पोहोचली पाहिजे, ही त्या कथेतील खरी अट. म्हणजे तेथेही शत्रूइतकीच शर्यत काळाशी आहे. तथापि पुराणकथा बाजूला ठेवून ज्या वस्तूंना इतिहासाच्या कचेरीत साक्ष देता येते त्यांच्याकडे वळणे बरे, आणि त्यांत पहिला मान वीरगळाचा.

युद्धात, गाईगुरे सोडविताना किंवा गावाच्या रक्षणार्थ पडलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची चाल दक्षिणेत दीड हजार वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि महाराष्ट्रात असे गाव विरळा की ज्याच्या वेशीवर, देवळाच्या भिंतीत किंवा विहिरीच्या काठी शेंदूर फासलेला एखादा वीरगळ नाही. कित्येकांची पुढे धुण्याचे दगड म्हणून बदली झाली. शिळेचे आडवे तीन-चार भाग पाडलेले असतात आणि ती खालून वर वाचावयाची असते. तळाशी वीर मरून आडवा पडलेला, कधी शेजारी ज्यांच्यासाठी तो झुंजला ती गुरे, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून किंवा विमानात बसवून नेत आहेत, आणि सर्वांत वर तोच वीर हात जोडून शिवलिंगासमोर बसला आहे, जवळ पुरोहित, माथ्यावर कलश, आणि दोन बाजूंना चंद्र व सूर्य. एकच माणूस एका दगडावर तीन-चार वेळा येतो आणि प्रत्येक वेळी निराळ्या काळात असतो. चौकटीमागून चौकट लावून कथा सांगण्याची ही रीत चित्रकथेच्या छापखान्याने शोधून काढली असे ज्यांना वाटते त्यांनी एखादा वीरगळ सावकाश पाहावा.

सागरी वीरगळांचा उत्तर कोकणातील सर्वोत्तम संच मात्र मोऱ्यास नाही; तो मुंबईच्या उत्तर टोकाला, बोरिवलीजवळील एकसर येथे आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याचे तपशीलवार वर्णन आलेले आहे. तेथे काळ्या दगडाच्या सहा मोठ्या शिळा असून त्यांतील काही पुरुषभर उंचीहूनही उंच आहेत. त्यांतील एकीच्या तळच्या पट्टीत पाच गलबते एका ओळीत निघाली आहेत: नाळ उंच उचललेली, मधोमध डोलकाठी, कुशीला वल्ह्यांची रांग आणि वरच्या फळीवर धनुष्ये ताणून उभे असलेले तिरंदाज. त्यावरच्या पट्टीत काही गलबतांनी मिळून एका मोठ्या गलबताला घेरले आहे आणि त्यावरची माणसे पाण्यात पडत आहेत. पाथरवटाने वल्ह्यांच्या तिरप्या रेघा इतक्या समान अंतराने खोदल्या आहेत की तो स्वतः दर्यावर्दी नसला तरी दर्यावर्दींच्या शेजारात राहणारा असावा, हे सांगण्यास पुरावा लागत नाही. ज्याने वल्ह्यांचा मेळ पाण्यावर पाहिला नाही त्याच्या हातून ती लय उतरत नाही. आणि मग त्या खाऱ्या, गोंधळाच्या पट्टीवर एकदम शांत पट्टी: स्वर्गीय मंडळी, मिरवणूक, आणि माथ्यावर कैलास. खाली जे एकमेकांना ढकलून बुडत होते ते वर रांगेने चालले आहेत.

या शिळांचा संबंध हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने शिलाहारांच्या शेवटच्या युद्धाशी जोडला. त्यांना त्याहून जुने मानणारे अभ्यासकही आहेत. ते युद्ध मात्र निःसंशय घडले, आणि याच समुद्रावर घडले. उत्तर कोकणच्या चौदाशे गावांवर साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या शिलाहार घराण्याचा अखेरचा राजा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवापुढे जमिनीवर हरला, गलबतावर चढला, आणि १२६५ च्या सुमारास समुद्रातच बुडून संपला. महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी यादवांची जी प्रशस्ती रचली तीत या प्रसंगाला फार धूर्त वळण दिले आहे: महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रातला वडवानल सोमेश्वराला सुसह्य वाटला, असे तो म्हणतो. शत्रूच्या मृत्यूवर केलेले हे विनोदी अलंकरण दरबारी कवितेत शोभत असेल. पण ज्याच्या नोकरीत हेमाद्री होता त्या राजाचीच बाजू न्याय्य होती, हे त्या श्लोकावरून सिद्ध होत नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

एकसरच्या शिळांवर नाव नाही. कोणत्या बाजूचे वीर हेही लिहिलेले नाही. बुडणारे शिलाहारांचे की यादवांचे, चढाई करणारे की बचाव करणारे, हे पाथरवटाच्या समकालीनांना ठाऊक असणार, परंतु त्याने ते दगडात उतरविण्याची तसदी घेतलेली नाही. वीरगळाचा हा मौनभाग मला त्याच्या शिल्पाइतकाच अर्थपूर्ण वाटतो. मरण आले, झुंजताना आले, पाठ फिरविली नाही, एवढ्यावर वरची चौकट मिळते. युद्ध का झाले याची चौकशी तेथे होत नाही. काळाच्या बाबतीतही त्याचा स्वभाव ठरलेला आहे. तळची चौकट पुसून वरची लिहिता येत नाही. मेलेला माणूस तळाशी तसाच मेलेला राहतो, आणि त्याचा पुढचा सगळा प्रवास त्या मरणाच्या वर रचलेला असतो. चंद्रसूर्य कोरले आहेत ते हा हिशेब त्यांच्या आयुष्याइतका टिकावा म्हणून. मागे जाऊन घडलेले फिरविण्याची कल्पना अमेरिकन कथाकाराला सुचली, ती या पाथरवटाला सुचली असती तरी त्याने ती खोदली असती असे मला वाटत नाही.

मग न्यायाचा विचार त्या काळी झालाच नाही काय? झाला, पण दुसऱ्या दगडावर. मोऱ्याहून दक्षिणेस, उरण ओलांडले की चाणजे हे गाव लागते. तेथे अपरादित्य शिलाहाराचा शके १०६० चा, म्हणजे ११३८ चा लेख सापडला. त्यात राजाने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यार्थ नागूम, म्हणजे शेजारचे नागाव, येथील जमीन दान दिल्याची नोंद आहे. त्याच चाणजे गावी शके ११८२ चा, १२६० चा, सोमेश्वराचाही लेख मिळाला. ज्याचा शेवट पुढे पाच-सहा वर्षांत समुद्रात व्हावयाचा होता तो राजा येथे ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला चाणज्यातील एका बागेचे १६२ पारुत्थ द्रम्मांचे उत्पन्न लावून देत आहे. उरणजवळच्या रानवडलाही त्याचा आदल्या वर्षीचा लेख आहे. या सर्वांचे संपादन महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी शिलाहारांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात केले आहे, आणि ते वाचताना पदोपदी लक्षात येते की दानलेखाला सर्व काही नेमके हवे असते: शक, महिना, तिथी, राजाची बिरुदे, मंत्र्यांची नावे, जमिनीच्या चतुःसीमा, द्रम्मांची संख्या. जेथे हक्काचा प्रश्न आहे तेथे मौन परवडत नाही. या काळातील पुष्कळ दानलेखांच्या शेवटी शापवचन आणि त्याखाली गाढवाचे जे अश्लील शिल्प असते, त्याला लोक गद्धेगाळ म्हणतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही दान मोडण्याचा परिणाम समजावा अशी ती व्यवस्था. भाषेत सभ्य आणि चित्रात निर्लज्ज अशी ही सनद आहे, आणि तिचा दरारा कोतवालापेक्षा जास्त दिवस टिकला.

याच अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही प्रसिद्ध टीका आहे. कोकणचा हा राजा इतका विद्याव्यासंगी की त्याने तेजःकंठ नावाच्या पंडिताला काश्मीरच्या विद्वत्सभेस वकील म्हणून पाठविल्याचे मंखकवीने नमूद केले आहे, आणि त्याच्या टीकेचा अधिकार पुढे काश्मीरमध्येही मानला गेला. याज्ञवल्क्याने स्मृतीचे तीन भाग केले: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहार म्हणजे फिर्याद, साक्षीपुरावा आणि निवाडा. प्रायश्चित्त म्हणजे निवाडा झाला तरी उरलेल्या पापाची फेड. राजाने दिलेला दंड आणि माणसाने स्वतःहून केलेली शुद्धी या दोन गोष्टी त्याने दोन अध्यायांत ठेवल्या. अमेरिकन चित्रकथेत या दोहोंचा एकसारखा घोटाळा होतो आणि म्हणून तिच्या कथा संपता संपत नाहीत. वीरगळाची वरची चौकट ज्या वचनावर उभी आहे तेही याच स्मृतीच्या राजधर्मात येते: भूमीसाठी लढताना जे पाठ न फिरविता आणि कपटाची शस्त्रे न वापरता पडतात ते योग्यांप्रमाणे स्वर्गाला जातात. पाथरवटाने पहिली अट कोरली आणि दुसरी सोडून दिली. कारण शस्त्र कपटाचे होते की नव्हते हे दगडात दाखविता येत नाही. त्याच ठिकाणी याज्ञवल्क्य कोणाला मारू नये हेही सांगतो: जो ‘मी तुझा’ म्हणून शरण आला तो, ज्याच्या हाती शस्त्र नाही तो, जो दुसऱ्याशी लढण्यात गुंतला आहे तो, जो मागे फिरला तो, आणि जो नुसते युद्ध पाहावयास उभा आहे तो.

राहिली कालच्या दुष्टाच्या उद्धाराची गोष्ट; ती मोऱ्याच्या समोरच आहे. बंदरावरून पाण्यापलीकडे जे दोन टेकड्यांचे बेट दिसते ते घारापुरी, आणि तेथील मुख्य लेण्यात अंधकासुरवधाचा एक भग्न पण अजूनही अंगावर येणारा शिल्पपट आहे: शिवाच्या एका हातात उगारलेली तलवार, दुसऱ्या हातात रक्त झेलण्याचे पात्र, मुद्रेवर क्रोध, सुळे बाहेर आलेले. कथा अशी की त्रिशूळाच्या टोकावर टांगलेल्या अंधकाचे पाप तेथेच जळून गेले, त्याने शिवाची स्तुती केली, आणि तो शिवगणांत दाखल झाला. म्हणजे ज्या मंडळाने त्याच्याशी युद्ध केले त्याच मंडळाच्या हजेरीपटावर त्याचे नाव चढले. शिल्पकाराने मात्र उद्धाराचा क्षण निवडला नाही. त्याने शिक्षेचा क्षण निवडला, आणि पुढचे पाहणाऱ्याच्या स्मरणावर सोडले. पोर्तुगीजांच्या अमदानीत या लेण्यांची जी नासधूस झाली, आणि तेथील शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला असे दियोगु दु कोतु याने जे लिहून ठेवले आहे, त्याची फिर्याद मात्र कोणत्याही अध्यायात दाखल झालेली नाही.

शिळेवर नाव नसण्याची चाल या प्रदेशात कधी मोडली हे सांगता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी मोऱ्याकडे पाठ करून खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या चिरनेरला गेले पाहिजे. १९३० च्या एप्रिलात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला; परंतु पावसाळ्यात मीठ पिकत नाही, म्हणून जुलैपासून महाराष्ट्राने जंगलचा कायदा मोडावयास घेतला. पुसदला लोकनायक अण्यांनी गवत कापून आरंभ केला आणि ती लाट सह्याद्री ओलांडून पनवेल तालुक्यात उतरली. ज्यांची चूल, कूड आणि नांगर जंगलावर अवलंबून, त्यांना राखीव जंगलाचा कायदा राजकारण म्हणून समजावून सांगण्याची गरज नव्हती. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतून हजारो माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली. आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात आठ जण पडले, आणि ते एका गावचे नव्हते: चिरनेर, मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे. नाग्या महादू कातकरी हे एक नाव त्यात आहे. ज्या जमातीच्या पूर्वजांपैकी कोणासाठी कोणी शिळा उभारली असेल असे वाटत नाही, त्या जमातीचे नाव या किनाऱ्यावरच्या स्मारकावर आले ते हे असे.

चिरनेरकरांनी आपल्या वीरांना नावे आणि गावे यांसह दगडावर घेतले. जुन्या वीरगळाच्या मानाने हा फरक मोठा आहे. येथे स्वर्गाची चौकट नाही, अप्सरा नाहीत. त्या जागी तारीख आहे, गाव आहे, बापाचे नाव आहे. दानलेखाचा नेमकेपणा वीरगळात आला, असे याचे वर्णन करता येईल. ज्यांना सरकारने गुन्हेगार ठरविले त्यांच्या सहकाऱ्यांवर पुढे खटले चालले आणि शिक्षाही झाल्या. व्यवहाराध्याय आपल्या रीतीने पार पडला. सतरा वर्षांनी राज्य बदलले तेव्हा त्याच कागदांवरील आरोपी स्वातंत्र्यसैनिक झाले. निवाडा कोणी फिरविला नव्हता. ज्या सिंहासनाच्या नावाने तो दिला ते सिंहासन येथून उठले, एवढेच.

परंतु त्या दिवशीच्या मृतांत आणखी एक माणूस आहे, ज्याच्यापाशी माझे मन अधिक वेळ अडते. पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी हे सरकारी कामावर तेथे हजर होते, आणि तेही त्याच गोळीबारात ठार झाले. त्यांनी गोळी चालविण्यास संमती दिली नाही, असे या भागात सांगत आले आहेत. ते सत्याग्रही नव्हते. सरकारचे पगारी अंमलदार होते, मुलकी कारभाराची शिस्त त्यांच्या अंगी होती, आणि ते उभे होते ती बाजू बंदुकांची होती. वीरगळाच्या जुन्या नियमाने त्यांना वरची चौकट मिळते काय? कर्तव्यावर असताना पडले, पाठ फिरविलेली नव्हती; एकसरच्या पाथरवटाने बाजू विचारली नसती. दानलेखाच्या नियमाने बाजू विचारावी लागते, आणि मग उत्तर अवघड होते, कारण बाजू सरकारची आणि गोळी सरकारची. चित्रकथेतला लेखक असता तर त्याने मामलेदाराला आदल्या रात्री आपल्या वाड्यात पाठविले असते, राजीनामा लिहावयास लावले असते, आणि सकाळी मोर्च्याच्या अग्रभागी उभे केले असते. इतिहासात त्यांच्या वाट्याला तेवढी रात्र आली नाही. जो काही निर्णय घ्यावयाचा तो डोंगराच्या उतारावर, गर्दीत, काही क्षणांत घ्यावा लागला. माझे मत विचाराल तर नवव्या नावाला जागा असावी. आठांच्या ओळीत नव्हे, कारण त्यांनी जे पत्करले ते मामलेदारांनी पत्करले नव्हते. पण त्याच शिळेवर, खालच्या पट्टीत, जेथे लढाई कोरतात तेथे.

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांचा स्मृतिदिन होतो. गावोगावची माणसे येतात, हुतात्म्यांच्या वारसांचा सत्कार होतो, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि ती लांबतात. त्याआधी गणवेशातील पोलिसांची तुकडी स्मारकासमोर उभी राहते आणि हवेत बंदुकांच्या फैरी झाडून आठ जणांना मानवंदना देते. खाते तेच आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात विसंगती वाटते. चिरनेरच्या लोकांना ती वाटत नाही, आणि एखाद्या वर्षी तुकडीला यावयास उशीर झाला तर कुरकूर करणारेही तेच असतात.